परवडत नाही म्हणून कुत्री शेल्टरला द्यावी का? (पुणे)

कुंदकळी: आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची राणी, चार वर्षांची गावठी कुत्री. तीन-चार दिवस अन्नाला तोंड लावत नाहीये, अंग तापलंय, हिरड्या पांढरट, कानांत गोचीडच गोचीड. खाजगी दवाखान्यात रक्ततपासणी आणि सलाइनचा खर्च ऐकून ताईंचा धीरच सुटला. म्हणतात, "कुठंतरी देऊन टाका, निदान जगेल तरी." चांगलं शेल्टर सुचवाल का?

रानवाटा: शेल्टरचं नंतर, आधी उपचार. ही लक्षणं गोचीडतापाची वाटतात, रक्त कमी झालेलं दिसतंय. औंधला सरकारी जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, तिथे खर्च खाजगीपेक्षा खूपच कमी येतो. गोचीडतापच निघाला तर बहुतेकदा डॉक्सीसायक्लिन देतात. औषध महाग नाही, पण कोर्स तीन-चार आठवड्यांचा असतो. कुत्री जेवायला लागली की लोक गोळ्या बंद करतात आणि ताप उलटतो, तेवढं ताईंना नीट समजावा. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन चुकूनही देऊ नका. आणि ती पोत्यावर झोपत असेल तर ते पोतं फेका. गोचीड भिंतीच्या भेगांत अंडी घालतात, नुसती कुत्री साफ करून भागत नाही.

स्पष्टवक्ता: परवडत नसेल तर पाळूच नये. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावराचे उपासमारीने हाल होतील असं सोडून देणं गुन्हा आहे.

मनीमाऊ: कायदा बरोबर आहे, पण त्या बाई सोडून देत नाहीयेत, तिच्यासाठी जागा शोधताहेत. चार वर्षं स्वतःच्या घासातला घास दिलाय त्यांनी. शेल्टर आधीच जखमी भटक्या कुत्र्यांनी भरलेली असतात. गर्दीत पार्व्हो, डिस्टेंपरसारखे जीवघेणे रोग पसरतात, आणि मोठ्या गावठी कुत्रीला दत्तक घेणारे फार थोडे. घरातली कुत्री तिथे खाणं सोडते, हे मी पाहिलंय. तुमच्या सोसायटीत चार घरं मिळून औषधांचं बिल भरा. राणी सावरली की रेबीजची लस आणि नसबंदी करून घ्या, काही संस्था सवलतीत करतात. पिल्लांचा खर्च ताईंच्या डोक्यावर येता कामा नये.

कुंदकळी: तीन घरं पैसे द्यायला तयार आहेत. ताईंना सांगितलं, तर "मग ती माझ्याकडेच राहील ना?" एवढंच विचारलं. उद्या सकाळी औंध. राणीला उभंही राहवत नाही, बसने नेणं शक्य नाही. सिंहगड रस्त्यावरून कुणाची गाडी असेल तर कृपया आजच व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.