अंजनेरीची कुंभारमाशी: नवी म्हणण्याआधी

नाशिकजवळच्या अंजनेरीच्या पायथ्याला तुम्ही टिपलेल्या कुंभारमाशीचे (मातीचं घरटं बांधणारी गांधीलमाशी) फोटो सुरेख आहेत, आणि ही नवी प्रजाती असावी असं तुम्हाला वाटतंय. पण रंग कुठल्याच चित्राशी जुळत नाही एवढ्यावरून 'नवी प्रजाती' म्हणायची घाई नको, कारण एकाच प्रजातीत पिवळे पट्टे बरेच कमीजास्त असतात.

बसलेल्या माशीचे पुढचे पंख लांबीत दुमडलेले दिसताहेत. म्हणजे ही युमेनिनी (कुंभारमाश्यांच्या) गटातली, स्केलिफ्रॉन ही मातीचीच घरटी करणारी दुसरी माशी नव्हे. घरट्यात अळ्या साठवलेल्या निघाल्या तर शंकाच नको. स्केलिफ्रॉन कोळी भरते.

खरा निवाडा भिंगाखालीच होतो: चेहऱ्याच्या पुढच्या पट्टीचा आकार, पोटाच्या पहिल्या खंडावरचे बारीक खळगे आणि मुख्य म्हणजे नराची जननेंद्रियं. त्यामुळे नर मिळायलाच हवा. त्याच्या मिशांना सहसा १३ खंड असतात, मादीला १२. बिंगहॅम यांच्या ब्रिटिश भारतातल्या गांधीलमाश्या-मधमाश्यांवरच्या १८९७च्या खंडापासून सुरुवात करा, मात्र त्यातली बरीच नावं पुढे बदलली आहेत.

२००० पासून होलोटाइप (नावाचा आधार म्हणून नेमलेला एकच नमुना) किंवा सिंटाइप (असे अनेक नमुने) स्पष्टपणे नेमल्याशिवाय नव्या प्रजातीचं नाव ग्राह्य धरत नाहीत. अंजनेरी संवर्धन राखीव आहे, तेव्हा वनखात्याच्या परवानगीशिवाय नमुना उचलू नका. आधी भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या केंद्राला हे फोटो जरूर दाखवा.