घरचा कारखाना असलेली ड्रेनेज कंपनी मोठी होते ती कशाच्या जोरावर?

तिसरी_पिढी (धागाकर्ता)

आजोबांनी सुरू केलेला आमचा काँक्रीटच्या नाल्या, चेंबर आणि झाकणांचा कारखाना आहे. सध्या बाबा आणि काका बघतात, मी नुकताच त्यात शिरलोय. घरात रोज एकच वाद. काकांना प्लॅस्टिक पाईपची एक्स्ट्रूजन लाईन, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक साच्यातून ढकलून सलग पाईप काढणारं यंत्र, टाकायची आहे. बाबा म्हणतात, जे येतं तेच करा, आणखी साचे घ्या, साच्यातलं काँक्रीट हलवून बसवणारं आणखी एक व्हायब्रेटिंग टेबल घ्या. दोघांनाही मी आपल्या बाजूचा वाटतो, त्यामुळे माझं जेवण बऱ्यापैकी अवघड झालंय.

या धंद्यात जगभर पसरूनही कुटुंबाच्याच हातात राहिलेल्या कंपन्या आहेत. जर्मनीतली आको हे ठळक उदाहरण. मला जाणून घ्यायचंय की असल्या कंपन्या नेमक्या कशाने वाढल्या. मालाचे प्रकार वाढवून? दुसऱ्यांचे कारखाने विकत घेऊन? की बाहेरचा पैसा आणून? 'ब्रँडिंग करा', 'प्रोफेशनल मॅनेजमेंट आणा' हे सल्ले कृपया नकोत, काकांच्या मोबाईलवर ते रोज सकाळी येतात.

साईटवरचा

काकांना सांगा, पाईपचा ट्रक म्हणजे निम्मी हवा वाहून नेणं. वर एक्स्ट्रूडर थांबवला की बॅरलमधला पीव्हीसी करपतो, म्हणून लाईन सतत चालवावी लागते, आणि मग माल खपो न खपो, यार्ड भरत राहतं. रेझिनचे, म्हणजे कच्च्या प्लॅस्टिकचे, भाव तुमच्या हातात नसतात ते वेगळंच. मोठ्या पाईपवाल्यांशी भावात लढायचं असेल तर खुशाल टाका.

बीडकाम

माझी निम्मी नोकरी बीडाच्या ओतशाळेत गेली आणि उरलेली ड्रेनेज चॅनेल बनवणाऱ्या कंपनीत, उत्पादन विभागात. त्यामुळे जरा लांबण लावतो.

या धंद्यात वाढीला पहिली वेसण घालतं ते मालाचं वजन. काँक्रीटची नाली जड आणि त्या मानाने स्वस्त. ठरावीक अंतरापलीकडे गाडीभाडंच मालाला खातं. त्यामुळे काँक्रीटवाल्याचं राज्य त्याच्या फाटकापासून काही अंतरापर्यंतच चालतं. बाबा म्हणतात तसे साचे वाढवले तर त्याच वर्तुळात जास्त माल येईल, वर्तुळ तेवढंच राहील.

आकोचं नाव काढलंत म्हणून तीच गोष्ट जरा मागून सांगतो. उत्तर जर्मनीत ब्यूडेल्सडॉर्फला १८२७ साली कार्ल्सह्युटे नावाचा लोखंडाचा कारखाना निघाला. दलदलीतलं खनिज वितळवून ओतकाम करायचे. पुढे तो आलमान घराण्याकडे आला. नवरा वारल्यावर १९३१ पासून केटे आलमान यांनी तो चालवला. याच बाईंनी १९५४ मध्ये तिथल्या उद्योजक स्त्रियांची संघटना उभी केली. त्यांच्या मुलाने, योसेफ-झेवेरीनने, युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये काँक्रीटच्या वस्तू करायला वेगळी कंपनी काढली, ती आको. आता गंमत बघा. मूळचा बीडाचा कारखाना १९९७ मध्ये बंद पडला. आज त्याच्या शेडमध्ये दर उन्हाळ्यात नॉर्डआर्ट नावाचं मोठं कलाप्रदर्शन भरतं. आणि बाजूला काढलेली कंपनी देशोदेशी पोचली.

आता ती पोचली कशी? माझ्या मते मुख्य कारण पॉलिमर काँक्रीट. त्यात सिमेंट नाही, पाणी नाही. क्वार्ट्झची वाळू, खडी आणि त्यांना धरून ठेवणारं पॉलिएस्टर रेझिन. हे मिश्रण लवकर घट्ट होतं, त्यामुळे साचा लवकर मोकळा होतो. भिंत पातळ ठेवता येते, म्हणजे वजन उतरतं. एक मीटरचा तुकडा माणसं हातांनी उचलून बसवतात, क्रेनची वाट बघत बसावं लागत नाही. आतून गुळगुळीत, त्यामुळे कमी उतारातही पाणी पळतं. पण मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती हीच की हलकं झाल्यामुळे ते लांब पाठवणं परवडू लागलं. वर्तुळ मोठं झालं.

मग उतार साच्यातच घेतला. मीटरला ५ मिलिमीटर. प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा तेवढा खोल, आणि त्यावर क्रमांक. साईटवर फक्त क्रमाने मांडायचे. ऐकायला सोपं आहे, पण प्रत्येक क्रमांकाची खोली वेगळी, त्याचा साचा वेगळा, आणि ओळीतला एक जरी क्रमांक स्टॉकमध्ये नसला तर ग्राहकाचं काम अडतं. साच्यांवर आणि साठ्यावर एवढा पैसा अडकवून ठेवायला धीर लागतो. माझ्या अनुभवात असा धीर घरच्या मालकाकडे जास्त सापडतो, कारण दर तिमाहीला जाब विचारणारं त्याच्या डोक्यावर कोणी नसतं.

पुढची पायरी म्हणजे पाण्याचा पूर्ण रस्ताच विकायला काढणं. पाणी गोळा करा, साफ करा, धरून ठेवा, सोडा, अशी आकोची मांडणी होती. नालीपाशी न थांबता तेल आणि चरबी वेगळी करणारे सेपरेटर आले, जमिनीखाली पावसाचं पाणी साठवणारे ब्लॉक आले. पासावांसारखं जुनं ओतकामातलं नावही त्यांनी आपल्यात घेतलं. म्हणजे खरेदी झाली, पण जिथे स्वतःची साखळी तुटत होती तिथलीच.

आता तुमच्याकडे येतो. बाबा आणि काका दोघेही 'कुठलं मशीन' यावर भांडतायत. मी तुमच्या जागी असतो तर एखाद्या कामाच्या सल्लागाराचं ड्रॉइंग टेबलावर ठेवून विचारलं असतं की यातलं काय आपण देतो आणि कुठल्या ओळीवर दुसऱ्याचं नाव आहे. आणि मग विचारलं असतं की आपल्या नालीचा लोड क्लास, म्हणजे ती किती भार पेलते तो वर्ग, कोणता. युरोपातल्या ईएन १४३३ या नाल्यांच्या मानकामध्ये ए १५ पासून एफ ९०० पर्यंत वर्ग आहेत. आकडा किलोन्यूटनचा. ए १५ पायी चालणाऱ्यांसाठी, डी ४०० म्हणजे रस्ता, ई ६०० गोदीसाठी, एफ ९०० विमानतळासाठी. शिवाय नाली स्वतःच्या बळावर भार घेणारी आहे की भोवती काँक्रीटचा आधार दिल्यावरच घेणारी, हेही स्पष्ट लिहावं लागतं. दुसऱ्या प्रकारात तुमच्या मालाची अब्रू ठेकेदाराच्या हातात असते. आधार पातळ भरला की नाली फुटते आणि फोन तुम्हाला येतो.

ताळेबंद

बीडकामांशी बराचसा सहमत, फक्त 'घरच्या मालकाचा धीर' हे जरा जास्त होतंय. गेबेरिट बघा. स्वित्झर्लंडमध्ये रापर्सविलला १८७४ साली एका प्लंबरने धंदा सुरू केला, १९०५ मध्ये आतून शिशाचा पत्रा मारलेली लाकडी फ्लशची टाकी काढली, पुढे ड्रेनेजच्या पाईपमध्ये मोठं नाव झालं. घराण्याने १९९७ मध्ये कंपनी गुंतवणूक फंडाला विकली, १९९९ मध्ये शेअर बाजारात आली, आणि त्यानंतरही ती वाढतच राहिली. वाविन तर कुणा घराण्याची नव्हतीच. नेदरलंड्समधल्या एका पाणीपुरवठा कंपनीने १९५५ मध्ये काढली, कारण तिला स्वतःलाच चांगले प्लॅस्टिक पाईप हवे होते.

घरच्या कंपनीची खरी परीक्षा नफा वाटण्यात होते. साच्यांचा पैसा कमावलेल्या नफ्यातून येणार असेल तर तो नफा आत राहायला हवा. आज तुमच्याकडे दोन भाऊ आहेत. उद्या तुम्ही, तुमची भावंडं, चुलत भावंडं. यातल्या अर्ध्यांना कारखान्यात यायचं नसेल, पण वाटा हवा असेल. किती टक्के नफा धंद्यात ठेवायचा हे लेखी ठरवा, आणि ते एक्स्ट्रूडर घ्यायच्या आधी. बाहेरचा पैसा ही शिवी नाही, पण तो आणणारा कधीतरी बाहेर पडणार हे धरूनच चाला.

तिसरी_पिढी

दोघांचेही आभार. लोड क्लास वाचून जरा घाम फुटला. आमच्याकडे भाषा अशी आहे की 'यावरून ट्रक गेला तरी काही होत नाही'. दाबून बघायचा प्रेस नाही. सगळ्या मालाची चाचणी करायची म्हटली तर बाबा हिशेब बघूनच उठून जातील. सुरुवात कुठून करू?

बीडकाम

सगळ्याची नको. सर्वांत जास्त खपणारी एक नाली आणि तिच्यावर बसणारी जाळी घ्या, बाहेरच्या प्रयोगशाळेत द्या. ठरलेल्या भाराला टिकली एवढ्यावर थांबू नका, तुटेपर्यंत दाबायला सांगा आणि कुठे तुटली त्याचे फोटो मागा. जाळी आधी गेली की नालीची कड, यावरून पुढचा पैसा कुठे घालायचा ते कळेल. भार काढल्यावर जाळी किती वाकलेली राहते तेही मोजून घ्या, पुष्कळ माल तिथेच नापास होतो. दोन-तीन वेगवेगळ्या दिवसांचं उत्पादन असू द्या. आणि नमुने यार्डातून तुम्ही स्वतः उचला, फोरमनला निवडू देऊ नका.