मदत हवी आहे: इंग्रजीतल्या 'बार' या नामाची नोंद कशी लावावी?

नमस्कार मंडळी,

शाळेतल्या मोठ्या मुलांसाठी इंग्रजी नामांच्या अर्थछटांची एक छोटी पुस्तिका करतो आहे. 'बँक', 'केस', 'चार्ज' फारसा त्रास न देता मार्गी लागले. 'बार'पाशी घोडं अडलंय. (मद्यालयावरचे विनोद होणार हे गृहीत धरलंय, ते आधीच उरकून घ्या.)

आतापर्यंत जमवलेलं सांगतो. मूळ अर्थ दांडा. लांब, ताठ, बहुधा धातूचा किंवा लाकडाचा. तिथून दोन वाटा फुटतात. एक आकाराची: साबणाची वडी, सोन्याची लगड, चॉकलेटचा बार, स्तंभालेखातले स्तंभ. इंग्रजीचं एका शब्दात भागतं, आपल्याकडे प्रत्येकाची वेगळी सोय आहे.

दुसरी वाट अडवणुकीची, आणि खरी मजा इथेच. तुरुंगाचे गज, दाराचा अडसर, नदीच्या मुखाशी साचून जहाजांची वाट अडवणारा वाळूचा दांडा. मुदत उलटून गेलेला दावा मुदतबाह्य ठरतो, तिथेही इंग्रजीत आडवा येतो तो हाच शब्द. मद्यालयसुद्धा या वाटेवरचंच. विकणारा आणि पिणारा यांच्या मधली आडवी फळी म्हणजे 'बार', मग ती खोली, मग अख्खं दुकान.

कोर्टातला 'बार' मला सगळ्यांत आवडला. न्यायाधीशांची जागा आणि बाकीची जागा यांच्यामध्ये कठडा असे. आरोपीला त्या कठड्यापाशी उभं करत, म्हणून 'प्रिझनर ॲट द बार' म्हणजे आरोपी. आणि वकिलांचा सगळा वर्गही 'बार'च! लंडनमधल्या चार 'इन्स ऑफ कोर्ट'पैकी एकीतून ज्याला 'बार'वर बोलावणं येतं तो बॅरिस्टर. (हा दुसरा कठडा न्यायालयातला नसून त्या संस्थांच्या सभागृहातला, असंही सांगतात.) ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये तर 'बार' म्हणजे जमिनीवरची एक पांढरी रेघ. दांडा गेला, अडवणूक तेवढी उरली.

अडलंय ते असं:

१. टायरच्या हवेचा 'बार' कुठे बसवू? दांड्याशी नातं जुळवायला गेलो तर ओढाताण होते.
२. संगीतातल्या 'बार'ला 'आवर्तन' म्हणावं का?
३. जुन्या लष्करी अधिकाऱ्यांच्या नावापुढे 'मिलिटरी क्रॉस अँड बार' असं दिसतं. हा 'बार' कसला?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १
हवेच्या 'बार'ची स्वतंत्र नोंद करा. तो दांड्याचा कुणीच लागत नाही. ग्रीकमध्ये 'बारोस' म्हणजे वजन, भार. बॅरोमीटर त्याच घरातला. १ बार म्हणजे १,००,००० पास्कल. समुद्रसपाटीवर हवेचा प्रमाण दाब १०१३.२५ मिलिबार धरतात, म्हणजे एका बारपेक्षा किंचित जास्त. हवामानवाले आता हेक्टोपास्कल म्हणतात, पण १ हेक्टोपास्कल म्हणजे १ मिलिबारच, त्यामुळे आकडा तोच राहतो. याला मराठी शब्द शोधत बसू नका, एकक आहे ते.

प्रतिसाद २
'आवर्तन' नको, मुलांचा घोळ होईल. पाश्चात्त्य स्वरलिपीत उभी रेघ मारतात ती 'बार लाइन', आणि अशा दोन रेघांमधला तुकडा तो 'बार'. अमेरिकेत त्यालाच 'मेझर' म्हणतात. आपल्या त्रितालात १६ मात्रा आणि चार-चार मात्रांचे चार विभाग. चार ठोक्यांचा 'बार' या एका विभागाच्या जवळ जातो, पूर्ण आवर्तनाच्या नाही. गंमत म्हणजे ब्लूजमध्ये १२ बारांचा साचा फिरून फिरून येतो. तिथे तो सगळा साचा म्हणजे आवर्तन आणि प्रत्येक बार हा त्याचा विभाग, असं समजावता येईल. तरीही नोंदीत 'विभाग' हा तंतोतंत प्रतिशब्द म्हणून देऊ नका. विभागात टाळी-खालीचा हिशेब असतो, तो 'बार'मध्ये नाही.

प्रतिसाद ३
पदकाचं सोपं आहे. तेच पदक दुसऱ्यांदा मिळालं तर नवं पदक न देता आधीच्या पदकाच्या फितीवर धातूची एक आडवी पट्टी चढवतात. ती पट्टी म्हणजे 'बार'. 'अँड टू बार्स' असेल तर पदक तीनदा मिळालं. मी तर सरळ 'दोनदा मिलिटरी क्रॉस' असं लिहीन. शब्दशः भाषांतर केलं तर वाचणाऱ्याला वाटायचं, साहेबांनी निवृत्तीनंतर मद्यालय काढलं.

धागाकर्ता
तिघांचेही मनापासून आभार. हवेचा 'बार' वेगळा काढला, पदकाचा आकाराच्या वाटेवर गेला. संगीतासाठी 'दोन उभ्या रेघांमधला ठराविक ठोक्यांचा तुकडा' अशी व्याख्याच देतो, प्रतिशब्द देत नाही. उंच उडीचा आडवा दांडा राहिला होता, तोही टाकतो. एखाद्या कामाची अपेक्षित पातळी वाढवण्याला इंग्रजीत 'बार' उंचावणं म्हणतात, ते याच दांड्यावरून.

प्रतिसाद १
तळाशी एक ओळ मराठी 'बार'साठीही ठेवा. फुसका बार, लग्नाचा बार उडवणे. मुलं हमखास विचारणार. त्याचा या इंग्रजी शब्दाशी संबंध नाही, एवढं लिहिलं तरी पुरे.

धागाकर्ता
लिहितो. आता शेवटचं, लिंग काय द्यावं? चॉकलेटचा 'तो बार', त्यात वाद नाही. पण 'स्पेस बार दाबली' असंही कानावर येतं.

प्रतिसाद ३
दाबली म्हणणाऱ्याच्या मनात 'की' असते. पुल्लिंगी द्या आणि पुढच्या शब्दाला लागा.