शब्दचर्चा : सिपाही सुभेदार, हजर!

धागाकर्ती : माझा भाचा यंदा फौजेत भरती झाला. आडनाव सुभेदार. पहिल्या हाजरीला उस्ताद, म्हणजे कवायत शिकवणारे, यादी वाचता वाचता अडखळले, मान वर करून म्हणाले, “मला हवालदार व्हायला पंधरा वर्षं लागली आणि तू आईच्या पोटातूनच सुभेदार होऊन आलास?” तेव्हापासून झाडू मारायचा असो की लंगरात कांदे सोलायचे असोत, पहिली हाक “अरे सुभेदारसाब!” अशीच येते. पोरगा मजेत आहे, पण मला प्रश्न पडलेत. अशी आडनावं आधीची की फौजेतले हुद्दे? ‘नाईक’ हे आडनाव आणि ‘नायक’ हा हवालदाराच्या खालचा हुद्दा, शब्द एकच का? आणि त्याच्या बोलण्यात सारखा येणारा ‘रंगरूट’, म्हणजे नवा भरती झालेला, हा शब्द मूळचा कुठला?

बखरवाचक : हुद्दे आधीचे, फक्त आजच्या फौजेतले नव्हेत. शिवकालीन पायदळात दहाएक माणसांवर एक नाईक, पाच नाईकांवर एक हवालदार, त्याच्यावर जुमलेदार, मग हजारी आणि सगळ्यांच्या वर सरनोबत अशी उतरंड होती. किल्ल्यावर हवालदार, सबनीस, सरनोबत, कारखानीस. यातली किती नावं आज दारावरच्या पाट्यांवर दिसतात ते मोजा. ज्या घराकडे ते काम पिढ्यान्‌पिढ्या राहिलं त्यांना ते चिकटलं. काम गेलं, नाव उरलं.

खरी गंमत पुढे आहे. ‘हवाला’ म्हणजे सोपवणं. ज्याच्या हवाली अख्खा किल्ला, तो हवालदार. ‘सुभेदार’ तर मोगलांकडे एका प्रांताचा कारभारी, आणि आपल्याकडे सुभेदार मल्हारराव होळकर म्हटलं की केवढा माणूस डोळ्यांपुढे येतो! ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने हेच शब्द उचलले आणि खालच्या पायऱ्यांवर बसवले, कारण त्यांच्या वरच्या सगळ्या जागा गोऱ्या साहेबांसाठी राखीव होत्या. प्रांत सांभाळणारा सुभेदार शंभरेक शिपायांच्या तुकडीतला देशी अधिकारी झाला, किल्ला सांभाळणारा हवालदार सार्जंटाच्या बरोबरीला आला. म्हणजे तुमच्या भाच्याचं आडनाव उस्तादांच्या हुद्द्यापेक्षा जुनं आणि कधीकाळी बरंच मोठं होतं. त्याने हे तिथे बोलून दाखवू नये, एवढंच.

माजी फौजी : नकोच दाखवू! फ्रंट रोल मारत मैदान संपायचं नाही.

आमच्या वेळचं सांगतो. मराठा पलटणीचा रंगरूट प्लटून म्हणजे पाटील, जाधव, शिंदे, पवार यांचा बाजार. “जाधव!” म्हटलं की चौघे धावायचे. म्हणून फौजी नंबराचे शेवटचे आकडे जोडायचे : जाधव बासष्ट, जाधव एकाहत्तर. गर्दीत लपायला हे आडनाव सोन्यासारखं. रांगेत कोण हलला ते उस्तादाला दिसतं, पण नाव पटकन आठवत नाही. ज्याचं आडनाव एकदा ऐकून विसरता येत नाही त्याला ही सोय नाही. त्याचा नंबर कुणाला पाठ नसतो, नाव मात्र क्वार्टर गार्डपासून (पलटणीची पहाऱ्याची चौकी) लंगरपर्यंत सगळ्यांना ठाऊक.

त्यातही दोन जाती. हुद्द्याची आडनावं एक, आणि ज्यांचा अर्थ कवायतीला आडवा येतो ती दुसरी. आमच्यात एक वाकडे होता. ताठ उभा राहण्यात त्याचा हात कुणी धरला नसता, तरी “वाकडे, सीधा खडा रह!” हे रोजचंच. हिंदी पट्ट्यातल्या उस्तादाला आधी त्यात काही गैर वाटत नव्हतं. एका मराठी नायकाने अर्थ सांगितला आणि बिचाऱ्याचं कल्याण झालं. उभे आडनावाच्या पोराला “उभे, बैठ जा!” ऐकावं लागायचं. फायरिंग रेंजवर आंधळे यांची पाळी आली की काय व्हायचं ते लिहीत नाही. त्यांचा नेम, खरं सांगायचं तर, आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला होता.

तापीकाठचा : झोपे राहिले की! रात्रीच्या पहाऱ्यावर झोपे. पण एक सांगतो, आमच्या जळगावकडे झोपे म्हटलं तर कुणाच्या ओठांवर हसू येत नाही. ते चौधरी, भारंबे, नारखेडे यांच्यासारखंच रोजच्या कानाचं. ‘विचित्र आडनाव’ असं काही नसतं, ऐकणारा कुठला त्यावर ते ठरतं. पंजाबी जवानांच्या तुकडीत एकटा ‘पाटील’ पडला तर तोही विचित्रच. आणि बाहेरच्या पलटणींसाठी सगळा मराठा शिपाई मिळून एकच नाव आहे, ‘गणपत’! तिथे वाकडेही गणपत आणि जाधव एकाहत्तरही गणपत.

विलायतवासी : आकडे जोडायची रीत फक्त आपली नाही. गुरखा पलटणींत गुरुंग, थापा, राई यांची अशीच गर्दी, तिथेही नंबराचे शेवटचे आकडे चालतात. वेल्समध्ये जोन्सांची तीच कथा. 1879 साली दक्षिण आफ्रिकेत रॉर्क्स ड्रिफ्टच्या लढाईत इस्पितळाची एक खोली लढवणारे दोन शिपाई होते, विल्यम जोन्स आणि रॉबर्ट जोन्स. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश फौजेतलं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला आणि दोघांची ओळख आजही 593 आणि 716 या आकड्यांसकट दिली जाते.

कारवारकर : नाईक-नायकाबद्दल. शब्द एकच. संस्कृत ‘नायक’, बोलताना झाला ‘नाईक’. आमच्या कारवार-गोव्याकडे दगड भिरकावला तर नाईकाला लागेल. उमाजी नाईक रामोशी, वसंतराव नाईक बंजारा. तांड्याच्या प्रमुखालाही नाईकच म्हणतात. जातीचा पत्ता या आडनावावरून लागत नाही, एवढं मात्र नक्की : कुणीतरी पूर्वज कुणाच्या तरी पुढे चालत होता.

फौजेत हुद्दा लिहितात ‘नायक’, पण मराठीत सर्रास ‘नाईक’ही लिहिलं जातं आणि तिथे घोळ होतो. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला इटलीत टायबरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनवर चालून गेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचं नाव वाचून “नाईक की घाडगे, नक्की आडनाव कोणतं?” असं विचारणारे मला भेटलेत. नाईक हा त्यांचा हुद्दा. आता आमच्याकडचा पोरगा बढती मिळून ‘नायक नाईक’ झाला की कारकुनाला वाटतं, एक शब्द चुकून दोनदा टाइप झालाय.

बखरवाचक : याच शब्दाचं आणखी एक रूप दगडात कोरलेलं आहे. भीमा-कोरेगावच्या जयस्तंभावर कंपनीच्या फौजेतल्या महार शिपायांची जी नावं आहेत, त्यांच्या शेवटी ‘नाक’ येतं. हे ‘नाक’ नायकवरूनच आलं असं मानलं जातं. म्हणजे नायक, नाईक, नाक. एक फौजेच्या वहीत राहिला, एक दारावरच्या पाटीवर आणि एक स्तंभावर.

धागाकर्ती : हे माहीत नव्हतं. आणि रंगरूट?

शब्दवेडा : सरळ इंग्रजी ‘रिक्रूट’. हिंदुस्तानी शिपायांच्या तोंडी त्याचा रंगरूट झाला आणि तसाच मराठीत आला. रंगाशी किंवा रूपाशी काही देणंघेणं नाही. याच टाकसाळीतले अर्दली म्हणजे ऑर्डर्ली आणि संतरी म्हणजे सेंट्री. ‘पलटण’ प्लटूनवरून की बटालियनवरून, यावर अजून वाद घालतात. ‘कवायत’ मात्र अरबी, कायदा या शब्दाचं अनेकवचन. ‘नवसैनिक’ असा शब्द कुणीतरी घडवला आहे, पण उस्ताद “ए नवसैनिका!” म्हणून ओरडतोय असं चित्र डोळ्यांपुढे येत नाही.

सर्वांत भारी ‘हुकमदार’. रात्री पहारेकरी ओरडतो, “थम! हुकमदार!” ऐकून वाटतं हा हवालदार, सुभेदार यांचा चुलतभाऊ, कुणी हुकूम देणारा अधिकारी. प्रत्यक्षात ते ‘हू कम्स देअर’ आहे, गोऱ्या संतऱ्याची आरोळी आपल्या कानांनी ऐकलेली. त्यामागचा ‘दार’ फारसी नाहीच! आता या आरोळीला अंधारातून “सुभेदार!” असं उत्तर आलं तर पहारेकऱ्याने सलाम ठोकायचा की हात वर करायला लावायचे, हे माजी फौजींनी सांगावं.

माजी फौजी : हात वर. सुभेदारसाहेब असले तरी हात वरच, ओळख पटेपर्यंत.

बखरवाचक : जमादार सुटले. आजचा नायब सुभेदार 1965 पर्यंत जमादारच होता. उत्तरेकडे सफाई कामगारालाही जमादार म्हणू लागले आणि शब्दाचं वजन गेलं. फौजेने हुद्द्याचं नाव बदललं. आडनावाला असं बदलता येत नाही. सोलापूर-सांगलीकडच्या जमादारांच्या पोराला दिल्लीकडच्या तुकडीत काय ऐकावं लागत असेल, त्याची कल्पना येते. ती मात्र मला गंमत वाटत नाही.

कारवारकर : ढालाईत, निशाणदार, जरीपटके हीही फौजी आडनावंच. आणि गोलंदाज! मूळ फारसी, गोळा फेकणारा, म्हणजे तोफची. कंपनीच्या तोफखान्यातही देशी तोफचींना हेच नाव होतं.

तापीकाठचा : मग गोलंदाज आडनावाच्या पोराने नाशिकच्या तोफखाना केंद्रातच जावं. तिथे कुणी हसणार नाही. पलटणीच्या क्रिकेट संघात सलामीचा फलंदाज म्हणून घेतला, तर मात्र धावफलक लिहिणाऱ्याचे हाल.