शब्दचर्चा : योहानातले ‘साफसूफ’ आणि आपली काडी

मूळ प्रश्न, शरणपूर रोडवरून

जय ख्रिस्त. मी रविवारच्या शाळेत पाचवी ते सातवीची मुले घेते. परवा बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय होता. ‘मी खरा द्राक्षवेल आहे आणि माझा पिता माळी आहे’ इथपर्यंत वाचन छान झाले. पुढच्या ओळीत ‘फाटा’ आला आणि दिंडोरीकडून येणाऱ्या एका मुलाने हात वर केला. “टीचर, फाटा रस्त्याला असतो. वेलाला काडी असते.” वर्गातली निम्मी मुले बागायतदारांची, सगळ्यांनी माना डोलावल्या. फाटा म्हणजे फांदीसुद्धा, असे मी सांगितले आणि ते खरेच आहे. पण आज आपण ‘पुढच्या फाट्यावर उतरा’ म्हणतो, ‘रीतिरिवाजाला फाटा दिला’ म्हणतो. मुलाच्या डोळ्यांसमोर एस.टी.चा थांबा उभा राहिला तर त्याचा काय दोष?

लगेच एका मुलीचा प्रश्न आला. फळ देणाऱ्या फाट्याला अधिक फळ यावे म्हणून माळी त्याला ‘साफसूफ करतो’. तिचे म्हणणे, “साफसूफ तर दिवाळीत घर करतात. वेल कसा करणार?” मी पटकन ‘म्हणजे छाटणी गं’ म्हणून मोकळी झाले. घरी आल्यावर मात्र मनाला लागून राहिले. छाटणी हा नाशिकमध्ये पोराटोरांना ठाऊक असलेला शब्द. तो सोडून भाषांतरकारांनी साफसूफ का घेतला असेल? बागेत हात घालणाऱ्यांनी कृपया सांगावे. मुलांना पुढच्या रविवारी उत्तर द्यायचे आहे.

निफाडहून

ताई, तुमच्या त्या पोराचं कौतुक करा. आम्ही काडीच म्हणतो. खोड, त्यावर आडवा ओलांडा, ओलांड्यावर काडी, काडीवर डोळे.

आता साफसूफ. मला वाटतं पवित्र शास्त्रातला शब्द बरोबर आहे आणि छाटणी घातली असती तर अर्थ आखडला असता. आपल्याकडे छाटणी वर्षात दोनदा. एप्रिलात खरड छाटणी, त्यात जुनी काडी मागे घेऊन नवीन तयार करायची. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, ती फळाची. कात्री घेतलेली माणसं येतात, काम उरकून जातात. खरं काम त्यानंतर सुरू होतं. डोळे फुटून कोंब वाढले की कोणत्या फुटीवर घड आहे आणि कोणती नुसतीच पानं घेऊन आलीय ते दिसायला लागतं. घड नसलेली ती फेलफूट. ती बोटांनी मोडून टाकायची, नाहीतर अन्न खाते आणि सावली करते. म्हणजे ओवीतला पहिला भाग, ‘फळ न देणारा फाटा काढून टाकतो’, तो सरळसरळ फेलफूट काढणं आहे.

पण घड असलेल्या काडीलाही सोडत नाहीत. तिच्या बगलेतून फुटवे येतात, त्या बगलफुटी काढायच्या. फार लांबली की शेंडा मारायचा. घडाच्या अंगावरची पानं काढायची, वारं खेळलं पाहिजे, नाहीतर भुरीचा रोग येतो. पुढे घडातले मणीसुद्धा विरळ करायचे. चांगले, हिरवेगार, जिवंत मणी काढून खाली टाकायचे. नवीन माणसाचा हात तिथं धजत नाही. हे आठवडेच्या आठवडे चालतं आणि बहुतेक सगळं बोटांनी होतं. याला एका शब्दात काय म्हणाल? आमच्या आया-बहिणी बागेतून आल्यावर म्हणतात, “आज दहा ओळी साफ केल्या.”

एक मनातलं सांगतो. माझी बायको वारली त्यानंतर दोन वर्षं मी उपासनेला जायचो, पण वेलाचा हा अध्याय निघाला की उठून बाहेर यावंसं वाटायचं. देव कापतोय म्हणजे माझ्यातच काही वाईट होतं, असं धरून बसलो होतो. एका डिसेंबरात घड विरळताना ध्यानात आलं की फेलफुटीची कोणी साफसूफ करत नाही. ती एकदा मोडली की संपलं. माणूस पुन्हा पुन्हा येऊन ज्या काडीपाशी थांबतो, जिला उलटून सुलटून बघतो, ती घडाची काडी असते. बायकोच्या मरणाचं कारण मला त्यातून कळलं असं नाही. पण त्या दिवसापासून हा अध्याय बसून ऐकतो.

शरणपूर रोडवरून

काका, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. यातले काय मुलांना सांगायचे आणि काय माझ्याजवळ ठेवायचे, ते कळले.

काल पाळकसाहेबांकडे जाऊन मूळ ग्रीक ओवी बघून आले. तिथे एक सुंदर जोडी आहे. फळ न देणाऱ्या फाट्यासाठी क्रियापद ‘आयरेई’, फळ देणाऱ्यासाठी ‘कथायरेई’. कानाला यमक लागते. आणि ‘कथायरेई’चा मूळ अर्थ स्वच्छ करणे. लगेच तिसऱ्या ओवीत प्रभू शिष्यांना म्हणतो, माझ्या वचनामुळे तुम्ही शुद्ध झालाच आहात. तिथे ‘कथारोइ’, म्हणजे त्याच घराण्यातला शब्द. ‘छाटणी’ लिहिले असते तर दुसरी आणि तिसरी ओवी एकमेकींपासून तुटली असती. साफसूफ आणि शुद्ध यांत निदान नाते दिसते. ज्याने हा घरगुती जोडशब्द उचलला, त्याच्यापुढे मी हात जोडते. पंडिता रमाबाईंचा ध्यास आठवतो. मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले त्यांचे भाषांतर त्यांच्या मागे, १९२४ साली छापून निघाले. साध्या बायाबापड्यांना समजेल अशी मराठी हवी, हा त्यांचा आग्रह होता.

पहिल्या क्रियापदाबद्दलही सांगते, कारण हल्ली प्रवचनांतून ते फार ऐकू येते. ‘आयरेई’ म्हणजे ‘काढून टाकतो’ नसून ‘उचलून धरतो’, जमिनीवर लोळणारी काडी माळी तारेवर बांधतो, असे सांगतात. शब्दाला दोन्ही अर्थ आहेत. ‘आपली बाज उचल’ यात हेच क्रियापद, आणि ‘जगाचे पाप हरण करणारा देवाचा कोकरा’ यातही हेच. पण सहाव्या ओवीत वेलात न राहणारा फाटा बाहेर टाकला जातो आणि वाळून जातो, हे स्पष्ट आहे. माझे मत विचाराल तर इथे ‘काढून टाकतो’ हेच ठेवावे. कठोर वाटते म्हणून प्रभूचा शब्द मऊ करायला माझे मन धजत नाही.

आणखी एक शब्द सापडला, ‘राहणे’. ‘माझ्यामध्ये राहा.’ पहिल्या अध्यायात दोन शिष्य येशूच्या मागे मागे जातात आणि विचारतात, “गुरुजी, आपण कोठे राहता?” ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच क्रियापद. म्हणजे पहिल्याच भेटीत विचारलेल्या पत्त्याचे उत्तर वधस्तंभाआधीच्या शेवटच्या रात्री, या पंधराव्या अध्यायात मिळते. मराठीतही ते ‘राहणे’च आहे, म्हणून आपल्याला हे विनासायास कळते.

नाशिकरोडहून

ताई, चर्चा आवडली. एक विनंती. आमच्या तरुण संघासाठी बायबलमधल्या प्रतीकांची यादी करून द्याल का? म्हणजे तेल = पवित्र आत्मा, खमीर = पाप, मीठ = चांगले वर्तन अशी. रोजच्या मननाला बरे पडेल. घाईच्या सकाळी तेवढे वाचून होते.

शरणपूर रोडवरून

दादा, यादी करून देणे सोपे आहे, पण मी देणार नाही. रागावू नका, कारण सांगते.

तुमचेच खमीर घ्या. मत्तय १६ मध्ये ‘परूश्यांच्या’, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांच्या, ‘खमिराविषयी जपा’ आहे, तिथे ते वाईट. पण मत्तय १३:३३ मध्ये स्वर्गाचे राज्यच खमिरासारखे आहे. एक बाई ते तीन मापे पिठात लपवून ठेवते आणि सगळे पीठ फुगते. तीन मापे म्हणजे घरच्यापुरते नव्हे, गावजेवणाचे पीठ. तुमच्या यादीत ‘खमीर = पाप’ लिहिलेला मुलगा या ओवीपाशी येऊन काय करेल?

यादीपेक्षा स्वयंपाकघरात जा. आपण भाकरी-पोळी खाणारी माणसे, खमीर आपल्या हाताखालचे नाही. विरजण आहे. रात्री पातेलेभर कोमट दुधात चमचाभर विरजण लावायचे, झाकून ठेवायचे. आवाज नाही, हालचाल नाही, सकाळी सगळे दूध बदललेले. विरजण चांगले तर दही कवडीसारखे लागते. विरजण बिघडलेले असेल तर सगळे दही चिकट, तार धरणारे. आणि त्यातलेच चमचाभर उद्याला ठेवले तर उद्याचेही तसेच. त्या काळी खमीरही असेच, कालच्या कणकेतला गोळा राखून ठेवत. म्हणून प्रेषित पौल आपल्या पत्रात ‘जुने खमीर काढून टाका’ म्हणतो, साखळी एकदा तोडावी लागते. घरात एकाने सकाळी उठून धुसफूस सुरू केली की दुपारपर्यंत सगळे घर कसे आंबट होते, ते आपण बघतोच. एकाने शांतपणे प्रार्थना करून चूल पेटवली तर तेही पसरते. खमिराचा अर्थ ‘पाप’ नाही. खमीर म्हणजे गुपचूप पसरणारे. काय पसरते, ते ओवी सांगते.

मिठाचेही तसेच. ‘चांगले वर्तन’ म्हणजे फारच फिके केलेत. ‘तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात’ म्हटले की आपण चव आणि टिकवण यांवर थांबतो. पण मराठी माणसाला मिठाचा तिसरा अर्थ आईच्या दुधाबरोबर मिळालेला असतो, खाल्ल्या मिठाला जागणे. तो शास्त्रातही आहे. एज्रा ४:१४ मध्ये राजाला पत्र लिहिणारे अधिकारी मूळ अरामीत म्हणतात, आम्ही राजवाड्याचे मीठ खातो, म्हणून राजाचा अपमान बघवत नाही. गणना १८:१९ मध्ये सर्वकाळचा ‘मिठाचा करार’ आहे, आणि लेवीय २:१३ मध्ये कोणत्याच अन्नार्पणात कराराचे मीठ कमी पडू द्यायचे नाही. हे मनात ठेवून डोंगरावरच्या प्रवचनातली ती ओवी पुन्हा वाचा. मीठ खारटपणा सोडते म्हणजे बेचव होते, आणि बेइमानही होते.

शब्दचर्चा आहे म्हणून तुमच्या ‘प्रतीक’ या शब्दाबद्दलही बोलते. शब्द चुकीचा नाही. पण तो ऐकला की माणूस ‘याच्या मागे काय दडलेय’ म्हणून वस्तूला बाजूला सारतो. मला ‘खूण’ जवळचा वाटतो. लूकमध्ये मेंढपाळांना देवदूत सांगतो, तुम्हांला खूण ही, की बाळंत्याने गुंडाळलेले आणि गव्हाणीत ठेवलेले बालक आढळेल. गव्हाण कशाचे प्रतीक, असा विचार करत ते बसले नाहीत. गव्हाण त्यांच्या रोजच्या बघण्यातली, ते गेले आणि त्यांना ती सापडली. मराठीत खूण समजावून सांगत नाहीत, खूण पटते. निफाडच्या काकांना डिसेंबरात घड विरळताना पटली तशी.

गंगापूर रोडहून

सर्वांना सलाम. वय झाले आहे, टंकायला वेळ लागतो, पण ताईंच्या ‘शरणपूर रोडवरून’ या शब्दांवरच मी अडकले. रिक्षावाल्याला आपण दिवसातून चारदा ‘शरणपूर रोड’ म्हणतो, पण शास्त्र उघडून तो शब्द पाहिलाय का? गणना ३५ आणि यहोशवा २० मध्ये ‘शरणपुरे’ आहेत. सहा नगरे, यार्देन नदीच्या अलीकडे तीन, पलीकडे तीन. हातून नकळत माणूस मेला, तर मारणाऱ्याने तिथे पळून जायचे. लाकूड तोडताना कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटून सोबत्याला लागले, असा दाखला ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात आहे. आणि हा आसरा इस्राएल लोकांसाठी जसा, तसाच त्यांच्यात राहणाऱ्या परक्यासाठीही.

आपले शरणपूर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी वसवले. अनाथ मुले आली, घर तुटलेली ख्रिस्ती कुटुंबे आली आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलेही आली. ती इथे शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. १८७४ साली आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी-संशोधक लिव्हिंगस्टनचा मृतदेह इंग्लंडला पोचला तेव्हा सोबत गेलेला जेकब वेनराइट नाशिकच्याच शाळेतला. परक्याला आसरा, हे आपल्या गावात अक्षरशः घडून गेलेले आहे.

मला सगळ्यांत हलवते ती अनुवाद १९:३. त्या नगरांकडे जाणारा रस्ता तयार कर, अशी आज्ञा आहे. नगर नेमून भागत नाही, धापा टाकत पळणाऱ्याला वाट सापडली पाहिजे. शरणपूर आहे तर शरणपूर रोडही पाहिजे, असा देवाचाच हुकूम. मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतली एक सून रात्री अकरा वाजता दोन पोरे घेऊन दारात उभी राहिली. मी आधी दाराची साखळी काढली, नाव-गाव नंतर विचारले. त्या रात्री तो रस्ता माझ्या उंबऱ्यापर्यंत आला होता.

आता शब्दाचे सांगते. ‘शरण जाणे’ म्हणजे हार मानणे, आणि ‘शरण’ म्हणजे आसराही. एकाच शब्दात दोन्ही. स्तोत्रात ‘आश्रय’ येतो तोही चांगलाच आहे, पण आश्रयात वाकणे नाही. शरण म्हटले की आधी मान खाली जाते, मग दार उघडते.

निफाडहून

आजींना माझा नमस्कार. शरणपूर रोडवर बँकेचं काम असतं, आता गेलो की पाटी नीट वाचीन.

ताई, मुलांसाठी अजून एक शब्द घ्या, ‘डोळा’. काडीवर जिथून फूट निघते त्याला आम्ही डोळा म्हणतो. गंमत अशी की ऑक्टोबरात जो घड बाहेर येतो, तो उन्हाळ्यातच डोळ्यात तयार झालेला असतो. एप्रिलच्या छाटणीनंतर, कडक उन्हात, आपण बाग नुसती हिरवी बघत असतो तेव्हा. वरून काहीच कळत नाही. म्हणून गोडी छाटणीआधी आम्ही काड्या प्रयोगशाळेत नेतो. ते डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात आणि कितव्या डोळ्यात घड आहे ते सांगतात. मग त्या डोळ्यापर्यंत काडी राखून पुढचं कापायचं. बायबलमधल्या इब्रींस पत्रातलं ‘न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलची खातरी’ मी पहिल्यांदा त्या नळीतून एक डोळा मिटून बघितलं. तांदळाच्या कणीएवढाही नव्हता, पण घडच होता.

परवा सकाळी काड्या घेऊन नाशिकला येतोय. तुमच्या वर्गासाठी चार काड्या जास्त आणतो. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, रविवारपर्यंत टिकतील.