फ्रेम न वापरता हेडर आणि मेनू सगळ्या पानांवर कसा ठेवावा?

प्रश्न: साइटवर ४० पानं आहेत, सगळी साधी एचटीएमएल. हेडर एकाच फाइलमध्ये हवा आणि स्क्रोल केल्यावरही वर दिसत राहायला हवा. फ्रेमसेट (एका खिडकीचे भाग पाडून प्रत्येकात वेगळं पान दाखवायची जुनी पद्धत) एचटीएमएल ५ मधून बाद झालाय. मग काय करावं?

उत्तर १: हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एका फाइलसाठी सर्व्हर-साइड इन्क्लूड किंवा पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेचं इन्क्लूड वापरा, म्हणजे सर्व्हर पान पाठवताना हेडरची फाइल त्यात जोडतो. हेडरच्या फाइलमध्ये फक्त हेडरचा तुकडा ठेवा. त्यात पुन्हा एचटीएमएल, हेड, बॉडी हे टॅग नकोत. मेनूतल्या लिंक स्लॅशने सुरू करा, नाहीतर उपफोल्डरमधल्या पानांवरून त्या चुकीच्या जागी जातील. फ्रेममध्ये आतलं पान बदललं तरी अॅड्रेस बारमधला पत्ता तोच राहायचा, त्यामुळे बुकमार्क निरुपयोगी ठरायचे. इथे प्रत्येक पानाला स्वतःचा पत्ता मिळतो, आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोठा फायदा.

उत्तर २: हेडर वर टिकवायला सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणारी भाषा) पोझिशन स्टिकी आणि टॉप शून्य द्या. टॉप विसरलात तर काहीच होत नाही. तरीही चिकटत नसेल तर हेडर ज्याच्या आत आहे अशा एखाद्या घटकाला ओव्हरफ्लो हिडन दिलंय का बघा. हेडर त्याच्याच उंचीच्या डिव्हमध्ये गुंडाळला असेल तरीही तो चिकटत नाही, कारण सरकायला जागाच उरत नाही. स्टिकीऐवजी पोझिशन फिक्स्ड वापरलंत तर बॉडीला हेडरच्या उंचीइतकं वरचं पॅडिंग द्यावं लागतं.

उत्तर ३: पानातल्या अँकरवर (लिंकने थेट पोचता येणाऱ्या जागेवर) उडी मारली की शीर्षक हेडरखाली झाकलं जातं. एचटीएमएल घटकाला स्क्रोल-पॅडिंग-टॉप द्या. हेडर ६४ पिक्सेल असेल तर ७२ ठेवा.

प्रश्नकर्ता: सर्व्हरवर पीएचपी नाही.

उत्तर १: मग ह्यूगो किंवा इलेव्हन्टी या साध्या एचटीएमएल फाइली बनवून देणाऱ्या साधनांनी पानं आधीच तयार करून चढवा. जावास्क्रिप्टने मेनू आणू नका. स्क्रिप्ट अडली की मेनूच गायब.