थोरल्या आईच्या लुगड्याचा रंग

धाकटा: नमस्कार मंडळी. मिरजेच्या घरी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली, त्यात थोरल्या आईचा फोटो मिळाला. मागे पेन्सिलीने शके १८६३ लिहिलंय, म्हणजे १९४१-४२. मोबाईलने टिपून ॲपमध्ये टाकला, दोन मिनिटांत रंगीत झाला. बघा.

वहिनी: अगंबाई, किती सुंदर! डोळे तर आता बोलतील असे. भावजी, मोठा करून घ्या, हॉलमध्ये लावू.

नाना: वा! कितीतरी वर्षांनी दिसली. भरून आलं.

अक्का: मी चष्मा लावून तीनदा बघितला. ही माझी आजी नाही रे.

अक्का: तिच्या कपाळावर नि हनुवटीवर गोंदण होतं. ते कुठं गेलं? मी तिच्या मांडीवर बसून ते थुंकी लावून पुसायला बघायची. ती म्हणायची, सोनंनाणं सगळं इथंच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं.

धाकटा: आत्या, चुकलं माझं. मूळ फोटोशी ताडून बघितलंच नाही.

ताई: तू प्रेमानेच केलंस रे. पण हे सगळ्यांनीच नीट वाचा, कारण प्रत्येकाच्या घरी असे फोटो पडून आहेत. गोंदण कुठलं आणि बुरशीचा डाग कुठला, हे ॲपला कळत नाही. चेहऱ्यावर ठिपका दिसला की ते पुसून टाकतं. पुसट झालेला चेहराही ते नुसता साफ करत नाही. आधी दाखवलेल्या असंख्य चेहऱ्यांवरून अंदाज बांधून त्या जागी नवा घडवतं. वहिनी, तुला आवडलेले ते डोळे पणजीचे नाहीतच गं. मूळ फोटोत तिची डावी पापणी जरा उतरलेली आहे, अगदी नानाकाकांसारखी. ॲपने दोन्ही डोळे सारखे करून टाकले.

नाना: खरंच की. आमच्या वडिलांचीही तशीच होती.

ताई: धाकट्या, मूळ फोटो फ्रेममधून काढलास का?

धाकटा: काढायला गेलो, पण काचेला चिकटलाय. एका कोपऱ्यातून हलकेच ओढून बघू?

ताई: नको! अजिबात हात लावू नकोस. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. पावसाळ्यात ओल धरून तो फुगतो आणि काचेला चिकटून बसतो. ओढलास तर कागद तुझ्या हातात येईल आणि पणजी काचेवर राहील. पाणी, वाफ, काहीही लावू नकोस. काचेसकट खिडकीपाशी उभा कर, उजेड एका बाजूने येऊ दे आणि समोर काळी चादर धरायला कुणाला तरी सांग, म्हणजे काचेत प्रतिबिंब येणार नाही. मग चांगल्या कॅमेऱ्याने टिप. कडेला आरशासारखी निळसर चकाकी दिसते ना, ती फोटोतलीच चांदी वर आलीय. तीही घासायची नाही.

आणि इथे पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठव. साधा फोटो म्हणून पाठवलास की त्यातले निम्मे बारकावे जातात. जे सुटे फोटो आहेत ते ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, असे स्कॅन कर, पासपोर्टएवढे असतील तर १२००. ती पहिली प्रत जशीच्या तशी ठेवायची, प्रयोग सगळे दुसऱ्या प्रतीवर.

वहिनी: आणि आमच्या लग्नाच्या अल्बमचं काय? ८६ सालचा आहे, सगळे फोटो लाल पडलेत.

ताई: त्यांचं सोपं आहे. त्यातला निळसर रंग आधी उडतो म्हणून लाली दिसते, पण उरलेले रंग खरे असतात, ते बऱ्यापैकी सावरता येतात. मात्र चिकट पानांचा अल्बम असेल तर सोडवायची घाई नको, आधी पानासकट स्कॅन करा.

अक्का: ॲपने रंगवलंय तसं लुगडं निळं नव्हतं. हिरवं इरकल होतं, लाल काठाचं. पदर लाल, त्यात पांढरं.

नाना: अक्का, मला काळी चंद्रकळा आठवते.

अक्का: तू तेव्हा रांगत होतास.

ताई: नानाकाका, मला वाटतं आत्याचं बरोबर आहे. त्या काळात स्टुडिओतल्या कॅमेऱ्यात घालायच्या बऱ्याच काचांना आणि फिल्मना लाल रंग दिसतच नसे. म्हणून जुन्या फोटोंत कुंकू काळं कुळकुळीत येतं आणि लाल काठही काळा येतो. इथे बघा, काठ अंगापेक्षा गडद आहे. चंद्रकळा असती तर अंगच सगळ्यात काळं आलं असतं. पण हिरवा म्हणजे नेमका कुठला, ते या फोटोवरून कुणालाच सांगता येणार नाही.

अक्का: माझ्या गोधडीत त्या लुगड्याचा तुकडा आहे. आईने शिवलेली. पण वरून पार विटलाय.

ताई: आत्या!! शिवणीत दुमडलेला भाग असेल ना, तिथे ऊन पोचलेलं नसणार. दोन टाके उसवून बघशील?

(दुसऱ्या दिवशी सकाळी)

अक्का: सुनेने उसवले. आत रंग जिवंत आहे. आंब्याच्या जून पानासारखा गर्द. मला रात्री झोप नव्हती, आता बरं वाटलं.

ताई: पांढऱ्या कागदावर ठेवून खिडकीपाशी फोटो काढायला सांग, फ्लॅश नको. कागद पांढरा आला की रंग खरा आला समजायचं. मग टाके परत घालून टाका.

धाकटा: ताई, तू सांगितलंस तसा काचेसकट काढून डॉक्युमेंट पाठवलाय. ॲपचा तो रंगीत फोटो ग्रुपवरून काढून टाकतो.

ताई: छान आलाय. आता रंग मी हाताने भरते, चेहऱ्याला मशीन लावायचं नाही. आत्या, एक काम तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही. कपाळावरचे तीन ठिपके ओळीत आहेत, ते गोंदणच. पण हनुवटीवर चार दिसतात. मोठं करून पाठवलंय, प्रत्येकाला आकडा दिलाय. त्यातलं गोंदण कुठलं आणि बुरशी कुठली?

अक्का: दोन नंबरचा. बाकीचे पूस. तो जरा उजवीकडे सरकलेला आहे, तसाच राहू दे, मधोमध आणू नकोस. आणि काळा करू नकोस गं, गोंदण हिरवट असतं.